एक पगार, दोन चुली

आमचे भाऊजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्याला आता सहा वर्षे होतील. पण हातातले लाल पेन काही सुटलेले नाही. वाण्याची यादी असो की लग्नाची पत्रिका, ऱ्हस्वदीर्घाची एखादी चूक सापडली की त्यांचा चेहरा उजळतो. २०२५च्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे फराळाला गेलो तेव्हा ते ओसरीवर असेच पेन सरसावून बसले होते. समोर मात्र पत्रिका नव्हती. एक पाठकोरा कागद होता आणि त्यावर एकच आकडा लिहिलेला होता: ४,८००.

"युरो," भाऊजी म्हणाले. "महिन्याला."

माझा भाचा पुण्याहून सुटीवर आला होता. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात तो इंजिनिअर होता आणि जानेवारीत जर्मनीला, श्टुटगार्टला, नव्या नोकरीवर रुजू व्हायचा होता. एकटा नव्हे, बायको आणि पाच वर्षांचा मुलगा यांना घेऊन. श्टुटगार्ट हे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या राजधानीचे गाव. मुंबईशी या शहराचे भगिनीनाते १९६८ सालापासूनचे आहे. पण आमच्याकडे हे नाव घरोघरी पोहोचले ते फेब्रुवारी २०२४ नंतर, महाराष्ट्र सरकारने त्या राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला तेव्हापासून. त्यानंतर पानाच्या टपरीवरसुद्धा जर्मनीच्या गोष्टी निघू लागल्या. माझा भाचा त्या करारातून जात नव्हता, त्याने आपली नोकरी आपणच शोधली होती. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना हा भेद सांगत कोण बसतो?

"म्हणजे आपले किती होतात रे?" ताईने स्वयंपाकघरातूनच विचारले.

"शंभराने गुण. चार लाख ऐंशी हजार."

"बाप्पा! महिन्याले?" हातातला झारा तसाच घेऊन ताई ओसरीवर आली. झाऱ्यातली चकली गार होईपर्यंत ती त्या कागदाकडे बघत राहिली.

या सदरात मी सहसा शब्दांच्या उठाठेवी करतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. मराठीच्या मास्तराला पैशाच्या हिशेबातले काय कळते, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. माझे स्वतःचे अंदाजपत्रक दर महिन्याच्या वीस तारखेला निकालात निघते. परंतु आमच्या घराण्यात कुणाचाही कागद आधी मला दाखवायचा अशी रीत पडून गेली आहे. भाच्याने संगणकावर एक सुंदर तक्ता केलेला होता. भाऊजींना तो पडद्यावर वाचवेना, म्हणून मी कॉलेजातून आणलेले आणखी पाठकोरे कागद काढले आणि आम्ही तिघे पुरुष सतरंजीवर हिशेबाला बसलो. सूनबाई दाराशी पणत्यांच्या वाती वळत बसली होती. तिला कुणी "ये, बैस" म्हटले नाही. मीही म्हटले नाही, हे आता आठवते.

पहिला धक्का दोन ओळींतच बसला. ४,८०० हा पगार बोलायचा. हाती यायचा नव्हे. त्यातून म्हातारपणाचे पेन्शन, आजारपण, बेकारी आणि पुढे अंथरुणाला खिळल्यास लागणारी शुश्रूषा, अशा चार विम्यांपोटी हजार युरो जातात. उरलेल्यावर आयकर. नवरा कमावता आणि बायको घरी, अशा जोडप्यात नवऱ्याला तिसऱ्या करवर्गात घालतात. तिथे कर बराच हलका, याच्या पगारावर चारशेच्या आत. एवढे जाऊन खिशात पडायचे ३,४०० युरो. मुलामागे सरकार बालभत्ता देते. २०२५ साली तो दरमहा २५५ युरो होता. म्हणजे एकूण जमा ३,६५५.

"आपल्या लक्ष्मीने दारातूनच दीड लाख परत नेले की," भाऊजी म्हणाले.

शेजारचे एक सद्गृहस्थ येऊन टेकले होते. त्यांचा पुतण्या दुबईला असतो. ते लगेच म्हणाले, "म्हणून सांगतो, दुबईच बरी. तिथे आयकरच नाही." हे खरेच आहे, अमिरातीत पगारावर आयकर नाही, आणि तिथला दिरहम १९९७पासून डॉलरला ३.६७२५ या भावाने बांधलेला असल्यामुळे हिशेबही सोपा. पण भाच्याने त्यांना हळूच विचारले, की तुमच्या पुतण्याच्या मुलांच्या शाळेची फी कोण भरतो? घरभाड्याचे वर्षाचे धनादेश आगाऊ लिहून द्यावे लागतात, ते कोण देतो? सद्गृहस्थांनी शंकरपाळे तोंडात टाकले. जर्मनीत सरकारी शाळेला फी नाही आणि नवऱ्याच्या आजारपणाच्या विम्यातच न कमावती बायको आणि मुले जादा पैसे न देता येतात. कर दिसतो आणि फी दिसत नाही, एवढेच. कुठला देश बरा, हे त्या संध्याकाळी ठरले नाही. शेजारी मात्र फराळ संपेपर्यंत थांबले.

मग खर्च. इथे माझ्यातला मास्तर जागा झाला, कारण जर्मन माणसे घरभाड्याला दोन विशेषणे लावतात: थंड भाडे आणि गरम भाडे. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचे. गरम म्हणजे त्यात घर उबदार ठेवण्याचा, पाण्याचा, कचऱ्याचा, जिना झाडण्याचा खर्च मिळवून. विजेचे बिल त्याहून वेगळे. भाच्याने जी घरे पाहून ठेवली होती, त्यांत दोन खोल्या आणि बैठकीच्या घराचे थंड भाडे ११५०च्या घरात आणि गरम १४५०च्या. "थंड भाडे ऐकूनच घाम फुटतो," असे मी म्हणालो. त्यावर दाराशी बसलेली सूनबाई हसली. त्या संध्याकाळी ती प्रथमच हसली.

वीज, इंटरनेट आणि रेडिओ-टीव्हीची पट्टी मिळून १४०. ही पट्टी दर घरामागे महिना १८ युरो ३६ सेंट; घरात रेडिओ असो वा नसो. (आमच्या लहानपणी आकाशवाणीचा परवाना पोस्टात जाऊन काढावा लागे, पण निदान रेडिओ नसेल तर पैसे मागत नसत.) किराणा, दूध, भाजी सहाशे. आगगाडी, ट्राम, बस यांचा देशभर चालणारा महिन्याचा पास तेव्हा ५८ युरोंना होता आणि जानेवारी २०२६पासून ६३ होणार हे जाहीर झाले होते. दोघांचे मिळून सव्वाशेच्या जरा वर. मुलगा सहाचा होईपर्यंत फुकट. बालवाडी दोनशे. थंडीचे कपडे, फोन, किरकोळ औषधे आणि आपल्या हातून दुसऱ्याचे काही मोडले तर भरून देणारा विमा यांना मिळून १८०.

बेरीज भाऊजींनी केली, लाल पेनाने. बारीकसारीक मिळवून खर्च २,७०० च्या जरा आत. शिल्लक साडेनऊशे.

आता पगार तिकडे गेला तरी इकडची चूल विझत नाही. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता ३४,००० रुपये. फ्लॅट भाड्याने दिला तर २०,००० येतील. पण मालक परदेशवासी झाला की भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून सरकारात भरायचा असतो. वर्षअखेर विवरणपत्र भरून जास्तीचा परत मागता येतो, हे खरे. दरमहा हातात मात्र पावणेचौदा हजारच. हप्त्यातली तूट वीस हजार, म्हणजे दोनशे युरो. ताई-भाऊजींना दहा हजार, म्हणजे शंभर. वर्षातून एकदा तिघांनी भारतात यायचे, त्यासाठी दरमहा दोनशे बाजूला. हे पाचशे गेले. उरले साडेचारशे, आपले पंचेचाळीस हजार.

भाच्याने पेन खाली ठेवले. "म्हणजे जमते," तो म्हणाला.

मी सहज विचारले, "पुण्यात महिन्याला काय उरत होते?"

तो जरा थांबला. त्याचा पगार १,१०,००० आणि सूनबाईचा ३८,०००. सारे खर्च जाऊन चाळीस-पंचेचाळीस हजार उरत.

ओसरीवर शांतता पसरली. ताई पुन्हा बाहेर आली होती. "एवढ्यासाठी इतक्या दूर?" ती म्हणाली. मग तिलाच वाईट वाटले असावे. तिने नातवाला जवळ ओढले आणि त्याच्या तोंडात अनारशाचा तुकडा घातला.

घराबाहेर गेलेल्या एका मिळकतीवर दोन ठिकाणचे संसार चालवण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा बडोदे सरकारची शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड. तेव्हाच्या दराने सुमारे ५६ डॉलर. त्यात न्यूयॉर्कचे राहणे, त्यातच पोटाला चिमटा घेऊन पुस्तके, आणि इकडे मुंबईत तान्ह्या मुलाला घेऊन रमाबाई. त्या मिळकतीचा जमाखर्च सांगताना आपण शिष्यवृत्तीचा आकडा सांगतो. रमाबाईंनी इकडे काय काय सोसून तो पुरवला त्याचा आकडा कुठल्या वहीत मांडलेला नाही. तेवढ्या थोर माणसांशी आमच्या भाच्याची तुलना करायचा माझा हेतू नाही. पण त्या संध्याकाळी रमाबाई आठवल्या त्या दाराशी बसलेल्या सूनबाईकडे पाहून, कारण आमच्या कागदावरही तिची एकही ओळ नव्हती.

तिचे ३८,००० जाणार होते, आणि ते गेल्याची नोंद कुठेच नव्हती. ते आधीपासूनच वजा धरून तक्ता सुरू झाला होता.

सूनबाई मेहकरची. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ. रक्ताच्या, लघवीच्या तपासण्या करणारी. वडील तिच्या लग्नाआधीच गेले. आई मेहकरात एकटी असते, रक्तदाब आणि साखर दोन्ही आहेत. भाऊ नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला ही आठ हजार रुपये आईच्या खात्यावर टाकते, हे मला ठाऊक होते. कारण एकदा बँकेच्या कामात अडचण आली तेव्हा मीच मेहकरला जाऊन ती सोडवून दिली होती. कागदावर 'ताई-भाऊजी: १००' अशी ओळ होती. मेहकरची ओळ नव्हती. भाचा वाईट मुलगा नाही, वाचकहो. त्याने ती मुद्दाम गाळली नव्हती. आजवर ते पैसे तिच्या पगारातून जात होते, म्हणून घराच्या हिशेबात त्यांना कधी जागाच लागली नव्हती.

पण हे बोलायच्या आधी दुसराच प्रश्न निघाला: निघताना लागणाऱ्या रोख रकमेचा. दरमहाचा हिशेब जमला तरी पहिला पगार होईपर्यंतचे दिवस काढायचे कसे? घरमालकाला अनामत म्हणून थंड भाड्याच्या तिपटीपर्यंत रक्कम मागता येते, म्हणजे ३,४५०. पहिले भाडे १,४५०. कायमचे घर मिळेपर्यंत दीड महिना सजवलेल्या तात्पुरत्या खोल्यांत राहायचे, त्याचे दोन हजार. खाटा, गाद्या, धुलाईयंत्र दीड हजार. पोटापाण्याचे सहाशे. आणि दोन हजार स्वयंपाकघराचे.

"स्वयंपाकघराचे म्हणजे भांड्यांचे?" ताईने विचारले.

"नाही ग आई. ओट्याचे. तिथे पुष्कळदा घर सोडणारा भाडेकरू ओटा, कपाटे, शेगडी, भांडी घासायची मोरीसुद्धा काढून नेतो. नव्याने घर घेतले की भिंतीतून दोन नळ्या बाहेर आलेल्या दिसतात, बस्स."

ताईने कपाळाला हात लावला. बिऱ्हाड हलवताना पाटा-वरवंटा नेलेला तिने पाहिला आहे; मोरी नेलेली नव्हे.

सारे मिळून ११,००० युरो. कंपनी विमानाची तिकिटे आणि वर ३,००० देणार होती. राहिले ८,०००, आठ लाख रुपये. जवळ साठलेले साडेतीन लाख होते. साडेचार लाख कमी.

"त्याची सोय आहे," भाचा म्हणाला. "हिचा फंड निघेल ना. नऊ वर्षांचा आहे. चार लाख साठ हजार."

त्याने हे इतक्या सहजपणे म्हटले की आम्ही दोघेही माना डोलावणार होतो. भाऊजींनी तर तो आकडा लिहायला पेन टेकवलेही होते. वाती वळणारा हात थांबलेला मला दिसला. सूनबाई बोलली मात्र नाही.

बोलली ताई. "अन् तुहा फंड कुठे गेला?"

"माझा आहे की. तो म्हातारपणासाठी ठेवायचा आहे."

"कोणाच्या?"

चौथी शिकलेल्या माझ्या बहिणीने ओसरीवरच्या तीन पदवीधरांना त्या एका शब्दाने गप्प केले. भाच्याचे कान लाल झाले. त्याने काही उत्तर दिले नाही, आणि तिनेही उत्तरासाठी थांबून न राहता आत जाऊन कढईतल्या चकल्या उलटल्या. त्या बऱ्याच काळ्या झाल्या होत्या.

त्यानंतर भाऊजींनी स्वतः उठून सूनबाईसाठी पाट मांडला. "बैस बेटा. आता तू सांग, आम्ही लिहितो."

आणि तिने सांगितले. तिच्याजवळ एक लहान वही होती, ती ती आतून घेऊन आली. भाच्याने तक्ता केला त्याच्या कितीतरी आधी तिने आपला हिशेब मांडलेला होता, फक्त कुणी मागितला नव्हता. तिचे म्हणणे असे. ज्या परवान्यावर भाचा जात होता, त्या परवान्यावर बायकोला पहिल्या दिवसापासून तिकडे नोकरी करता येते. निघण्यापूर्वी जर्मनची परीक्षाही द्यावी लागत नाही. ही सवलत ऐकून सारे खूश होतात आणि भाषा शिकायचे राहून जाते. तिच्या कामाला मात्र तिथे मोकळीक नाही. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला आपल्या शिक्षणाची तिथली मान्यता मिळवावी लागते आणि भाषा कामापुरती चांगली यावी लागते. कागदपत्रे, भाषांतरे, परीक्षा, एखाद्या रुग्णालयात उमेदवारी. तिने दीड-दोन वर्षे धरली होती. त्या काळात भाषावर्गाचे दरमहा दीडशे युरो लागतील. ही ओळ तुमच्या कागदावर 'जमल्यास' अशी नको, ती भाड्याच्या खालीच लिहा, असे ती म्हणाली.

तिने आणखी एक गोष्ट शोधून काढली होती, ती मला फार मोलाची वाटली. नवऱ्याला हलक्या तिसऱ्या करवर्गात घातले, तर बायको कमावू लागल्यावर तिला पाचव्या वर्गात जावे लागते, आणि त्या वर्गात पगारातून होणारी कपात भारी असते. कारण दोघांची करमाफी आधीच नवऱ्याच्या पारड्यात टाकलेली असते. वर्षाच्या शेवटी दोघांचा हिशेब एकत्र होऊन बरोबर जमतो. पण महिन्याच्या महिन्याला बायकोच्या हातात थोडे पडते आणि मग घरातच म्हणू लागतात, की एवढ्याशा पैशासाठी कशाला धावपळ करतेस, मुलाला कोण बघणार? तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण याच हिशेबापायी तिकडे चार वर्षे घरी बसली होती. दोघांनी चौथा वर्ग घेतला तर हा घोटाळा होत नाही. "माझी नोकरी लागली की आपण वर्ग बदलायचा," ती नवऱ्याला म्हणाली. "हे आत्ताच मामांच्या देखत ठरवू."

मी साक्षीदार म्हणून सही करायला तयार होतो.

"आणि मेहकर?" मी विचारले.

तिने खाली पाहिले. ही एक गोष्ट तिच्या वहीतही नव्हती. करवर्ग, मान्यता, भाषा यांवर ती धडाधड बोलली होती, पण आईचे आठ हजार नवऱ्याच्या पगारातून मागायचे तिच्या जिभेवर येत नव्हते. मराठीत 'माहेरची साडी', 'माहेरचा पाहुणा' असे म्हणायची रीत आहे. सारे माहेराहून यायचे. माहेरी पाठवायच्या पैशाला मात्र आपल्या भाषेत मला धड शब्द सापडत नाही. मी पुष्कळ शोधला.

भाचा कागदावर वाकून 'आई, मेहकर' असे लिहू लागला. खरे तर प्रश्न तिथेच मिटायचा. पण सूनबाईने त्याचा हात धरला. "तुमच्या पगारातून नको," ती म्हणाली. "तो बालभत्ता आईबापांपैकी कुणा एकाच्या खात्यावर येतो ना? कुणाच्या, ते आपणच सांगायचे असते. तो माझ्या खात्यावर घेऊ. त्यातून भाषावर्गाचे दीडशे आणि आईचे ऐंशी. वर पंचवीस उरतील."

भाऊजींनी २५५ मधून २३० वजा केले. बरोबर पंचवीस उरले. त्यांनी त्या उत्तराखाली, शाळेत देत तशी, लाल बरोबरची खूण केली.

साडेचार लाखांचे पुढे असे झाले. भाच्याने मोटार विकली, तिचे तीन लाख आले. दीड लाखाची एक ठेव भाऊजींनी मोडली. ताईला ते आवडले नाही, पण मघाशी 'कोणाच्या?' असे विचारून बसल्यामुळे तिला बोलता येईना. सूनबाईचा फंड तसाच राहिला. अनामतीची रक्कम कायद्याने तीन मासिक हप्त्यांत देता येते, हे भाच्याला जायच्या आठवडाभर आधी कळले, त्यामुळे पहिल्या महिन्याचा ताण थोडा हलका झाला. शिल्लक मात्र साडेचारशेवरून सव्वादोनशेवर आली. पुण्यापेक्षा निम्मी. भाच्याने ती आकडेवारी कार्यालयातल्या कुणाला सांगितली नाही; आणि पानाच्या टपरीवर अजूनही त्याचा पगार चार लाख ऐंशी हजारच आहे.

जानेवारीत आम्ही त्यांना मुंबईपर्यंत पोहोचवायला गेलो नाही. शेगावच्या स्टेशनावरच निरोप दिला. ताईने कचोऱ्यांचे पुडके, मेतकूट, कुरड्या असे इतके सामान दिले की विमान कंपनीने ठरवून दिलेल्या वजनाचा हिशेब नव्याने करावा लागला. त्यातही सूनबाईच होती. तिने स्टेशनावरच्या बाकावर बसून नवऱ्याचे तीन जाड स्वेटर काढले आणि ते तिकडच्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात असे सांगून मेतकूट आत घातले.

घर त्यांना मार्चमध्ये मिळाले. आधीच्या भाडेकरूने आपला ओटा काढून न नेता सातशे युरोंना यांनाच विकला. बालभत्त्याचा अर्ज मंजूर व्हायला तीन महिने लागले. मागचे पैसे एकदम मिळाले, पण ते तीन महिने भाच्याने मेहकरचे पैसे आपल्या पगारातून, तिने लिहून ठेवलेल्या उधारीच्या खात्यावर पाठवले. उधारी तिने मेमध्ये फेडली. भाचा नको नको म्हणत होता, असे ती फोनवर सांगत होती.

जूनमध्ये उत्तरपत्रिकांच्या कामासाठी मी मेहकरला गेलो होतो, तेव्हा तिच्या आईकडे डोकावलो. बाईंनी चहा केला, शारंगधर बालाजीचा प्रसाद हातावर ठेवला आणि औषधांचा डबा उघडून दाखवला. सगळे कप्पे भरलेले होते. मग आतून फोन घेऊन आल्या. मुलीने बोललेले काहीतरी त्यात होते आणि ते त्यांना समजत नव्हते. "सर, तुम्ही भाषेचे आहात ना, जरा ऐका. मेली काय बोलते कोण जाणे."

मी फोन कानाला लावला. सूनबाई जर्मनमध्ये, एकेक शब्द जपून टाकत, काहीतरी वाचून दाखवत होती. मलाही त्यातले ओ की ठो कळले नाही. मी पुन्हा एकदा ऐकले. बाई माझ्या तोंडाकडे पाहत उभ्या होत्या.

"छान म्हणतेय," मी म्हणालो.